लठ्ठीचे सांधे

प्रिय बारके,

हे पत्र आहे, फोन नाही. म्हणजे तुला मला मध्येच तोडता येणार नाही. एवढ्यासाठीच कागद घेतला. फोनवर मुंगीचा विषय निघाला की तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जायला लागतं. गेल्या वर्षभरात इतकं उतू गेलं आहे की एखाद्याला वाटावं, तू खानावळ काढली आहेस. तेव्हा आधी गॅस बंद कर, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून घडी घालून ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे.

तुझी लेक बरी आहे. माझ्याकडे राहून बारीक झालेली नाही आणि बिघडलेलीही नाही, हे दोन्ही आधी सांगून टाकते. सकाळी माझ्याआधी उठते, दोघींचा चहा करते, खिडकीखालच्या माझ्या जुन्या टेबलावर कॉम्प्युटर उघडते आणि जेवायला हाक मारेपर्यंत एकाच अक्षराशी झटत बसते. त्याचं पोट जरा आत घेते, जरा बाहेर सोडते, मान तिरकी करून बघते. मला वाटतं आता झालं. तिला वाटतं आता कुठे सुरुवात झाली. लहानपणी ती घरभर एकेक वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची, न दमता, न बोलता, म्हणून आपण तिला मुंगी म्हणायला लागलो. नाव चुकलं नाही.

बँकेतली कॉम्प्युटरची नोकरी तिने सोडली तेव्हा तू तिला फोनवर म्हणालीस, "मेलेल्या अक्षरांवर कुणाचं घर चालत नाही." मी शेजारीच भाजी निवडत होते. ती बरं, ठेवते, एवढंच म्हणाली. तेव्हापासून तुम्ही दोघी जेवलीस का आणि झोपलीस का यांच्यापलीकडे गेलेल्या नाही. ती तुला काय करते आहे ते सांगत नाही आणि तू विचारत नाहीस. दोघी एकाच मातीच्या, मी मध्ये भरडली जाते. पण मी तिची वकिली करायला बसलेले नाही. तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. ती अक्षरं मेली तेव्हा आपण दोघी तिथे होतो आणि मागचं सगळं आवरलं तू. मी तेव्हा पडदे लावून घरी बसले होते.

तुला ते दुकान आठवतं का, असं मी विचारणार नाही. तू म्हणशील, नाही आठवत, आणि विषय संपेल. मला आठवतं ते सांगते. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत उजेड आणि माझं टेबल. आतल्या खोलीत अंधार, लाल दिवा आणि तुझं यंत्र. मधल्या दाराला जाड काळा पडदा. दिवसभर आपण एकमेकींशी त्या पडद्यातून बोलायचो, त्यामुळे आपली भांडणंसुद्धा एकमेकींचं तोंड न बघता झाली. मला वाटतं, म्हणूनच टिकली नाहीत.

आपल्या आधी मथळे खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांनी जुळवायचे. मोठ्या अक्षरांचे खिळे लाकडाचे, झिजून कडा गेलेले. एखादा क कमी पडला की जुळारी शांतपणे ग्राहकाला शब्द बदलायला सांगायचा. लोक बदलायचेसुद्धा. मग प्रकाशाने अक्षर उमटवायची यंत्रं आली, आणि क कधीच कमी पडेनासा झाला. मी वीतभर उंच अक्षर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने काढायचे. त्याचा लहान फोटो फिल्मवर घ्यायचा. सगळी वर्णमाला एका लांब पट्टीवर, पट्टी काळी आणि अक्षरं तेवढी काचेसारखी. ती पट्टी तुझ्या यंत्रात. वर दिवा, खाली ब्रोमाइड, म्हणजे फोटोचा कागद, मध्ये तुझे हात. पट्टी सरकवायची, अक्षर जागेवर आणायचं, पायाने दाबलं की दिवा एकदा लखकन लागायचा. अक्षर कागदावर पडायचं आणि औषधात हळूहळू काळं होत जायचं. ते काळं होता होता पुढचं अक्षर त्याच्या शेजारी आणायचं. किती जवळ, किती लांब, हे सांगणारी यंत्रावर कुठलीही खूण नव्हती. ते तुझा डोळा सांगायचा. बाहेर मी गिऱ्हाइकांना सांगायचे, यंत्र अगदी नवीन आहे. ते जुनंपानं होतं आणि त्यातलं नवीन काही असेल तर तू होतीस.

लठ्ठी जन्मली ती एका चपलांच्या दुकानामुळे. त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसेल असं अक्षर हवं होतं. मी पहिला ल काढून वाळत ठेवला होता. तू पडद्यातून डोकं काढलंस, त्याच्याकडे बघितलंस आणि विचारलंस, ही लठ्ठी कोण. झालं, तेच नाव. पुढे गिऱ्हाइकंसुद्धा तोंडाने तेच मागायची. मोठे सुटाबुटातले लोक येऊन म्हणायचे, आमच्या संस्थेच्या नावाला जरा लठ्ठी लावा.

पण तिचा पहिलाच मथळा तू बाहेर जाऊ दिला नव्हतास, हे मी विसरले नाही. आपल्या लिपीची अक्षरं डोक्यावरच्या रेघेने एकमेकांना धरून चालतात. दोन अक्षरांच्या मध्ये फट दिसू नये म्हणून तू दुसऱ्याची रेघ पहिल्याच्या रेघेवर जराशी चढवायचीस. जिथे चढली तिथे प्रकाश दोनदा पडायचा. दोनदा पडला की तो फैलावायचा आणि रेघ तेवढ्यापुरती फुगायची. प्रत्येक सांध्यावर एक बारीक गाठ. बाहेर त्या चपलांच्या दुकानाचा जाहिरातवाला खोळंबला होता. त्याने ब्रोमाइड हातात घेतलं, छान म्हणाला, निघाला. तेवढ्यात पडद्यातून तुझा नुसता हात बाहेर आला आणि त्याच्या हातातून ते काढून आत गेला. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, अहो, कुणाला दिसणार आहे. पडद्यामागून तू म्हणालीस, "मला दिसतंय ना."

त्या तीन शब्दांसाठी मी अख्खी वर्णमाला परत काढली. तुला शिव्या घालत काढली, ते जाऊ दे. प्रत्येक अक्षराच्या रेघेची दोन्ही टोकं मी किंचित उतरती केली, पेन्सिलीला हलकं टोक काढावं तितकीच. दोन उतरती टोकं एकमेकांवर चढली, वर दोनदा प्रकाश पडला की फुगून बरोबर मूळच्या जाडीला यायची. शब्दाची पहिली आणि शेवटची टोकं तेवढी उतरती राहायची, ती मी ब्रोमाइडवर शाईने भरून घ्यायचे. पुढचा मथळा तू औषधातून काढलास, धुतलास, वाळवलास, दाराशी उजेडात आणून तिरका धरलास. बघत राहिलीस. मग जाहिरातवाल्याला दिलास. मी समजले.

मग गावभर लठ्ठी झाली. दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती, शिकवण्यांचे वर्ग, हरवलेल्या कुत्र्यांची वर्णनं. एका निवडणुकीत सगळ्या बाजूंचे उमेदवार आपल्याच दुकानातून लठ्ठी घेऊन गेले. जिंकले तेही लठ्ठीत, आपटले तेही लठ्ठीत. इतर दुकानांनी तिची नक्कल केली, फोटोवरून फोटो काढले. त्यांच्या रेघेला गाठी यायच्या. का येतात ते त्यांना कधी समजलं नाही आणि आपण सांगायला गेलो नाही. रस्त्याने जाताना तू पाटी न वाचता नुसती रेघ बघायचीस आणि म्हणायचीस, आपली. नाही, आपली नाही.

आणि मग तो जाहिरातवालाच कॉम्प्युटर घेऊन आला. म्हणजे, आपल्याला बोलावून दाखवला. मोठ्या कौतुकाने. त्याने एक अक्षर धरून ओढलं, ते रुंद झालं. दाबलं, ते चपटं झालं. उभ्या रेघा जाड, आडव्या तशाच, अक्षर कसं जत्रेतल्या आरशाच्या तंबूतल्या माणसासारखं. त्याला ते फार आवडलं. तुम्हा दोघींना आता विश्रांती, असं तो हसत म्हणाला. वाईट माणूस नव्हता. पुढच्या हंगामात दुकानात कुणी आलं नाही. लोकांना ओढलेली अक्षरं चालली. कुणाला काही दिसलं नाही.

यंत्र वजनावर गेलं. तुला सातवा लागला होता. मी म्हटलं, तू येऊ नकोस, मी बघते, आणि त्या दिवशी मलाच उठवेना. तू गेलीस. परत आल्यावर तू मला एकच गोष्ट सांगितलीस. भंगारवाल्याने विचारलं होतं, यातलं चालू काय आहे. "मी म्हटलं, सगळं." एवढं सांगून तू पाणी प्यायलीस. नंतर तू हॉस्पिटलच्या खिडकीत बसून लोकांचे केसपेपर लिहिलेस, मुंगीचे बाबा गेल्यावर एकटीने तिला वाढवलंस, शिकवलंस, पक्क्या नोकरीला लावलंस. दुकानाचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मग त्या मुलीने नोकरी सोडून नेमकं तेच उकरून काढावं. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, बारके. मी तुझ्या जागी असते तर गॅसवर मीही बरंच ठेवलं असतं.

पण तिने काय केलं ते तुला माहीत नाही. ते आता सांगते.

फिल्मच्या पट्ट्या माझ्याकडे राहिल्या होत्या, कारण त्या भंगारवाल्यालासुद्धा नको होत्या. कपाटाला रंग द्यायचा म्हणून सगळं बाहेर काढलं तेव्हा मुंगीने एक पट्टी खिडकीशी धरली आणि तशीच उभी राहिली. जुनी मोठी अक्षरं कॉम्प्युटरवर नव्याने घडवणारे लोक हल्ली बरेच आहेत. त्यांची आपली एक मंडळी आहे, वर्षातून दोनदा जमतात, एकमेकांच्या अक्षरांना नावं ठेवतात. मुंगी त्यांच्यातली, बँकेत असल्यापासून. तिने लठ्ठी घ्यायचं ठरवलं. पट्टीवरचं एकेक अक्षर मोठं करून, कडेकडेने बिंदू ठेवत, जसंच्या तसं उतरवलं. काही सोडलं नाही, काही घातलं नाही. आणि पहिला शब्द जुळवला तर रेघ सगळीकडे कुरतडलेली. प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये रेघ बारीक होते, पुन्हा जाड होते. उंदराने चाखून सोडल्यासारखी.

आता ऐक, हसू नकोस. तिला ते आवडलं. तिला वाटलं, हा मावशीच्या हाताचा गुण आहे. त्या मंडळींच्या बैठकीत तिने त्या खाचा भिंतीएवढ्या मोठ्या करून दाखवल्या. म्हणाली, यंत्राच्या काळातही हाताने इथे श्वास घेतलेला दिसतो. टाळ्या पडल्या. एक दाढीवाला तर उठून उभा राहिला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. मी स्वतःशी म्हटलं, घेतला असेल बाई श्वास. ती टोकं मी उतरती का केली होती हे मी साफ विसरले होते. पडदा, तुझा हात, तो जाहिरातवाला, सगळं आठवत होतं, पण त्या दिवसाचा आणि त्या टोकांचा संबंध डोक्यातून पुसला गेला होता. नंतर मुंगीने मला विचारलंही, मावशी, टोकं अशी का. मी म्हटलं, फिल्म आकसली असेल. बघ, काढणारी मी आणि सांगणारीही मीच.

टाळ्या घेऊन दुसरी एखादी थांबली असती. ही थांबली नाही. तिला काहीतरी टोचत होतं. ती ग्रंथालयात जाऊन जुन्या अंकांचे गठ्ठे उपसत बसली. छापलेली लठ्ठी शोधून काढली, भिंग लावलं. छापलेल्या लठ्ठीला खाचा नाहीत. रेघ सलग, ओतल्यासारखी. पट्टीवर खाच आहे, छपाईत नाही, मग ती गेली कुठे? तिने हा प्रश्न मला विचारला नाही. माझ्यावरचा तिचा विश्वास बहुधा तेव्हाच उडाला. तिने माझी न्हाणी ताब्यात घेतली. खिडकीला काळा कागद, लाल बल्ब, एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून मागून आणलेला मुदत संपलेला कागद, औषधाचे तीन ट्रे. आठवडाभर मला आंघोळीला दुपार व्हायची. शेजारीण विचारायची, तुमच्याकडे वास कसला येतो. मला त्या वासाने रडूच आलं, पण तिला मी सांगितलं की उंदीर मेलाय.

एका सकाळी मुंगी न्हाणीतून ओला कागद घेऊन बाहेर आली. त्यावर दोन शब्द होते. एकात तिने टोकं कापून रेघ सरळ करून चढवली होती, त्याला गाठी आल्या होत्या. दुसऱ्यात पट्टीवरचीच उतरती टोकं तशीच चढवली होती, ती रेघ सलग होती. मला क्षणात सगळं आठवलं. तुझा हातच पडद्यातून बाहेर आल्यासारखा आठवला. मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, थांब, अजून आहे. मग तिने तिचं मोजमाप काढलं. ग्रंथालयातल्या अंकांवरून तिने प्रत्येक सांधा मोजला होता. दोन अक्षरांमधल्या अंतरावरून रेघ रेघेवर किती चढली आहे, ते. पहिल्या वर्षीच्या मथळ्यात आणि शेवटच्या वर्षीच्या मथळ्यात ती तेवढीच चढली आहे. पावसाळी हवेत, घाईच्या दिवशी, निवडणुकीच्या गर्दीत, तेवढीच. एवढंच नाही, र आला की जरा जास्त, ठ आला की जरा कमी, आणि तेही दर वेळी तसंच. पट्टीवर एकच वेलांटी आहे आणि छपाईत तिला लहानमोठ्या कितीतरी वेलांट्या सापडल्या. रुंद अक्षर आलं की तू वेलांटी अर्धी सरकवून दुसऱ्यांदा प्रकाश द्यायचीस आणि तिची कमान लांबवायचीस, हे तिने शोधून काढलं. मला हे आजवर माहीत नव्हतं. माझ्या अक्षरात तू इतकी वर्षं परस्पर हात घालत होतीस आणि मला आत्ता समजतंय. यावर आपण वेगळं भांडू.

मी ते आकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. तिने ते यंत्र कधी पाहिलं नाही. ते वजनावर गेलं तेव्हा ती तुझ्या पोटात होती. ती ओल्या कागदाकडे बघत म्हणाली, "पट्टीवर अर्धंच अक्षर आहे, मावशी. उरलेलं आईच्या हातात होतं."

त्यानंतर तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. टोकं भरून काढली. प्रत्येक दोन अक्षरांमधलं अंतर तुझ्या मापाने बसवलं. र साठी जास्त, ठ साठी कमी. वेलांट्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या काढल्या, आता कुणी नुसतं टाइप केलं तरी बरोबर ती वेलांटी येऊन बसते. पुढच्या बैठकीला तीच जागा, तेच लोक. ती उभी राहिली आणि म्हणाली, मागच्या वेळी मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं. तो श्वास वगैरे काही नव्हता. ते एका बाईने दुसरीसाठी काढलेलं अर्धं उत्तर होतं, आणि ते पुरं व्हायचं दुसरीच्या हाताखाली. दाढीवाला या वेळी उठला नाही. टाळ्याही कमी होत्या. पण मी तिसऱ्या रांगेतून उठले आणि बाहेर जाऊन जरा उभी राहिले, कारण मला माझा चेहरा आवरत नव्हता. मला आयुष्यात कशाचा अभिमान वाटला नाही असं नाही, पण तो नेहमी काढलेल्या गोष्टीचा वाटला. माणसाचा असा पहिल्यांदा वाटला. ती तुझ्यासारखी आहे. जे कुणाला दिसत नाही ते तिला दिसतं आणि दिसलं की ती हात बाहेर काढून परत घेते, टाळ्यांसकट.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. तू रोज वाचतेस त्या वर्तमानपत्राची मांडणी बघणारा माणूस त्या बैठकीत होता. त्याने मथळ्यांसाठी लठ्ठी मागितली. रोजच्या बातमीला इतकं जाड अक्षर सोसत नाही, म्हणून मुंगीने तिचं वजन उतरवलं. आपल्या दोघींना जन्मात जमलं नाही ते तिने लठ्ठीकडून करून घेतलं. आणखीही दोघांनी विचारलं आहे. घर चालेल, बारके. मोटार येणार नाही, पण चालेल. तिने संपादकाला एक अट घातली की पहिल्या पानावर आमचं नवं अक्षर वगैरे काही छापायचं नाही, एका सोमवारी गुपचूप बदलायचं. आणि मला शपथ घातली की आईला सांगायचं नाही. मी विचारलं, का ग? म्हणाली, "तिला नुसती बातमी वाचू दे. ती मध्ये थांबली, तर मी नापास." तो सोमवार होऊन आता दोन आठवडे झाले. तू मला रोज सकाळी फोनवर मथळे वाचून दाखवतेस. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून ऐकत होते. तू पुलाचं वाचलंस, पाणीकपातीचं वाचलंस, त्या मंत्र्याला नावं ठेवलीस. कुठे अडखळली नाहीस. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रोज संध्याकाळी मुंगी माझ्याकडे बघायची आणि मी नाही अशी मान हलवायचे. पण परवा तू म्हणालीस की हल्ली पेपर वाचताना डोळे शिणत नाहीत, डॉक्टरने दिलेले नवे थेंब लागू पडले वाटतं. मी काही बोलले नाही. तुला वाटलं फोन कट झाला. ते थेंब नाहीत, बारके. ती तुझी लेक आहे. थेंबांचं मी तिला सांगितलेलं नाही. ते तिला तू सांग. तुझ्या तोंडून, आत्ता, पत्र खाली ठेवून. मी आज फोन उचलणार नाही, तेव्हा मला लावू नकोस.

तुझीच, आणि दोघींच्या मधून आता बाजूला होणारी,
ताई